संत अंतोनीच्या टकलाला मी लावलेला रंग

कसे आहात सगळे? नांदेडच्या वैनींचा गुडघा वळतो का आता? पुण्याच्या नानांची साखर उतरली, का पेढे लपवून खाणं चालूच? लातूरच्या सूनबाई, लेकरू झोपू देतं का? माझी तब्येत ठणठणीत आहे, अक्कल तेवढी आजारी होती.

आमच्या साखरा गावाला रोझीबाई नर्स होत्या, मूळच्या वसईच्या. त्यांची सिद्धेश्वर धरणाच्या गावी बदली झाली. त्यांच्या घरी लाकडात कोरलेले संत अंतोनी, कडेवर बाळ येशू. हरवलेलं सापडावं म्हणून ज्याला साकडं घालायचं, त्याच्याच कडेवरचं बाळ बदलीच्या टेम्पोत हरवलं. तेव्हापासून रोझीबाईंच्या आईनं मेणबत्ती लावली नाही. "काका, तुम्ही सुतार, नवं बाळ करून द्या," म्हणत बाई मुद्दाम गावी येऊन मूर्ती माझ्याकडं ठेवून गेल्या. मी जन्मभर तिफणी आन् चौकटी केल्या, तरी व्हय म्हणून बसलो.

बाळ बरं जमलं. मग संताच्या डोक्याकडं लक्ष गेलं. कडेनं केस, मधी सफाचट. म्हटलं, रंग उडाला. दाराचा काळा रंग घरात होताच.

सकाळी जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, पुढं औंढ्याची एसटी. डावी खिडकी धरू नका, ऊन लागतं. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. मांडीवर टॉवेलात मूर्ती बघून कंडक्टर म्हणाला, "बाबा, लेकराचं तिकीट?"

"दोघं हायेत, लाकडाचे."

"मंग तुमच्यासकट तिघं म्हणा की."

औंढ्यात तीस रुपयांत भजे-चहा झाला. मिरची मागून घ्या, आपणहून देत न्हाईत. तिथून आटोनं धरणाकडं.

रोझीबाईंच्या आईनं, म्हणजे आजींनी, मूर्ती मांडीवर घेतली. हात आधी डोक्यावर गेला.

"मिस्त्री, हे काय?"

"रंग उडाला होता, लावला."

"अहो, ते टक्कल आहे. साधू लोक मुद्दाम भादरून घ्यायचे."

रोझीबाई तोंडाला ओढणी लावून आत पळाल्या. मी घाम पुसायला टोपी काढली, तशा आजी माझ्या डोक्याकडं बघत राहिल्या.

"स्वतःचं सोडून ह्यांचं भरलंत होय."

ओसरीवर बसून काचेच्या तुकड्यानं संताची हजामत केली. तेवढ्यात आजींचं बोट बाळाच्या कमरेवर थांबलं. सवयीनं मी तिथं करदोडा कोरला होता, गालावर काळी तीटही लावली होती.

"आमच्याकडं लेकराला बांधतात," मी म्हणालो. "तासून टाकतो."

आजींनी बाळ माझ्या हाताला लागू दिलं नाही. बराच वेळ त्या करदोड्यावरून बोट फिरवत बसल्या.

"राहू द्या. आणि रोझी, माचिस आण गं."

घरी आलो तर बायको म्हणाली, "उरलेला रंग स्वतःच्या डोक्याला लावा." नखांत तो काळा रंग अजून आहे. ती काडी ओढल्याचा आवाजही अजून कानात आहे.

तुम्हीही कुणाचं चांगलं करायला जाऊन असं काही बिघडवलं असेल, तर लवकर लिहा. एकटाच येडा ठरून राहिलो इथं.