शुक्रवारची झोप

सोमवारीच मी माझ्या पाळणाघराच्या रजिस्टरमध्ये शुक्रवारपर्यंतच्या नोंदी भरून टाकल्या. नोंदणी नवी, उत्साह दांडगा. पोरं काय, रोज जेवतात, रोज झोपतात! बुधवारी तपासणीला बाई आल्या. "ओवी शुक्रवारी दोनला झोपली? तुम्हाला आजच कळलं? पुन्हा असं दिसलं तर नोंदणी रद्द."

मी ओशाळलो आणि खरं लिहायला बसलो. तेव्हा कुठे दिसलं, की दीड वर्षांची ओवी दुपारी झोपतच नाही. खिडकीच्या गजावरून चाललेल्या मुंगीकडे टक लावून बसते. हे लिहायचं कुठे? झोपेला रकाना आहे, खिमटीला आहे, शी-शूला आहे. माणूस होण्याची बाकीची सगळी कामं मात्र कागदाबाहेर. मग मी ती समासात लिहू लागलो.

पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, "समास मोकळा ठेवायचा असतो."

"नाही ठेवणार," मी छाती काढून म्हणालो. "नोंदणी रद्द करायची तर करा. खोटं लिहून झालं, आता खरं गाळणार नाही!"

बाईंनी ओवीला कडेवर घेतलं आणि लगेच माझ्याकडे दिलं.

"लिहा हो काय हवं ते. पण आधी हिची चड्डी बदला, केव्हाची ओली बसलीय पोर!"