खंडेनवमीला विसावलेली मशीन

मार्केट यार्डातल्या आमच्या अडतीचे दिवाणजी. आधी त्यांना नमस्कार, मग बाकीचं. गुळाची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा वजन-भावाचा हिशेब, ते हातानं लिहायचे आणि तेच काम मशीनवर घ्यायला शेटनी मला ठेवलं होतं. म्हणजे मी बसले ती त्यांच्याच जागेवर डोळा ठेवून, असं कुणीही म्हटलं असतं. ते कधी म्हणाले नाहीत.

मी कोयनानगरची, नववीत शाळा सुटलेली. सांगलीत मावशीकडं राहून कॉम्प्युटरचा क्लास केला होता. मांडणीतलं भांडं नुसतं वाजलं तरी माझे पाय दाराकडं वळायचे. भूकंप पाहिलेल्या कोयनेच्या माणसाला तेवढं पुरतं. शेटनी बजावलं होतं की हंगामात शेतकरी पट्टीसाठी खोळंबला, तर मशीन विकीन आणि तुला एस्टीत बसवून देईन. घरी परतले असते तर लग्नच. त्यामुळं दुकानात माझा जीव सारखा वरखाली.

मशीन जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. एक पट्टी काढायला इतकी रेंगाळायची की शेतकरी तंबाखू मळून, खाऊन, थुंकून परत यायचा. सुरू होताना एक बटण दाबलं की निळा पडदा येई. प्रोसेसरनं मेमरीकडं काही मागितलं तर उत्तरासाठी किती थांबायचं, ते त्यात ठरवता यायचं. थांबणं कमी केलं की मशीन पळायची, फार कमी केलं की हँग. पावसाळाभर मी एकेक आकडा बदलत, बंद-चालू करत, तिला पळती केली होती. हे आकडे लक्षात ठेवणारी आतली बॅटरी थकलेली. रात्रभर तग धरायची, एवढंच.

खंडेनवमीला दुकानात तराजू, पेन, वह्या पूजेला मांडतात आणि दसरा होईतो कुणी हात लावत नाही. आमच्या घरी ही रीत नव्हती. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो, त्यासाठीच मी गावी गेले होते. मशीन दोन दिवस बंद राहील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दिवाणजींनी तिलाही मानानं पाटाजवळ घेतलं होतं, वायर काढून.

परत आले तर पडद्यावर कुंकवाचं बोट, डोक्यावर झेंडू आणि आत सगळं कोरं. बॅटरी उतरली होती. तिला हार्डडिस्कसुद्धा आठवेना. बाहेर गुळाच्या गाड्या लागलेल्या, सौदे सुरू. मी घाईघाईनं आठवतील तसे सगळे आकडे एकदम भरले. पहिल्याच पट्टीला मशीन हँग झाली. पुन्हा भरले, पुन्हा तेच. माझी नजर दाराकडं गेली.

दिवाणजींनी पूजेतलं पेन उचललं आणि पट्ट्या लिहायला घेतल्या. बाहेर कुणाला काही कळलंच नाही. शेट आत आले.

"काय गं, कुंकू लावलं म्हणून रुसली व्हय तुझी मशीन?" मग दिवाणजींकडं वळून, "तुमीच सांगा दिवाणजी, ठेवायची का हिला?"

मशीनबद्दल विचारलं की माझ्याबद्दल, कळेना. ते नाही म्हणाले असते तर त्यांची गादी वाचत होती.

"आवं शेट, दोन दिस सुट्टी झाली की मीबी सकाळी आदी चष्मा हुडकतो," ते लिहिता लिहिता म्हणाले. "जरा दम धरा." मग माझ्याकडं न बघता, "पोरी, येकदम नगं. येक कर, बघ, मग दुसरं. मी हाय हितं."

मी मेमरीचं थांबणं परत वाढवलं, मग एकेक पायरी उतरत आले. दुपारच्या सौद्याला पट्टी निघाली, पहिल्यापेक्षा सावकाश, पण न अडकता. एस्टीचं नाव शेटनी पुन्हा काढलं नाही.

मशीन इंग्रजीत छापायची. शेतकऱ्याला पट्टी वाचून दाखवायला दिवाणजीच लागायचे, म्हणून तेही राहिले. मराठीत छापाया लागली की सांग, म्हणायचे.

दिवाणजी, मी आता बंगळूरला असते. मराठी छापणं कधीचंच सोपं झालंय आणि मी अजून तुम्हाला सांगायला आलेले नाही. येईन. तुमच्या ओट्यावर मशीन मांडून तुमच्या नावाची पट्टी मराठीत काढीन. चष्मा तेवढा हुडकून ठेवा.