आटलेला कोट

२००४ साली माझं पोस्टिंग झालं फ्युनरल ऑनर्स डिटेलवर. सरळ मराठीत सांगायचं तर मयताची ड्यूटी. अमेरिकेत फौजेत नोकरी केलेला माणूस वारला आणि घरच्यांनी मागणी केली, की निदान दोन सैनिक दफनाला पाठवावे लागतात. पेटीवरच्या झेंड्याची दोघांनी मिळून तिकोनी घडी करायची, गुडघा टेकून तो विधवेच्या हातात द्यायचा, बिगुल वाजवायचा, सॅल्यूट करायचा आणि परत फिरायचं. मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरजवळच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे अर्धवेळ फौजेच्या, तुकडीत स्पेशालिस्ट होतो, म्हणजे शिपायाच्या जेमतेम वर. बाकीची तुकडी इराकला गेली. माझा गुडघा ट्रेनिंगमध्ये दुखावला होता, म्हणून मला मागे ठेवलं आणि हे काम दिलं.

नागपूरचा ठोंबरे तिथे कसा पोचला, हे लोक अजून विचारतात. एम.एस. करायला आलो, नोकरी लागली, आणि २००१ मध्ये ग्रीन कार्ड आणि कंपनीने हाकलल्याची ईमेल एकाच आठवड्यात आली. फौजेत भरती करणारा रिक्रूटर म्हणाला, महिन्यातून एक वीकएंड यायचं, बाकी आरामच आराम. रिक्रूटर आणि लग्न जुळवणारा, दोघांचंही अर्धंच ऐकावं. मी पूर्ण ऐकलं आणि सही केली.

माझी जोडीदार स्टाफ सार्जंट हॅरिस. फ्लिंट शहराची, सहा फूट उंच, चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी आणि ड्यूटीवर गरजेपुरतंच बोलणारी. तिला ठोंबरे म्हणता येईना, म्हणून तिने पहिल्याच दिवशी माझं नाव टॉम करून टाकलं. मला विचारलं नाही. सार्जंट विचारत नसतात.

बिगुलाचं गुपित सांगून टाकतो. खरा बिगुल वाजवणारे कमी पडायला लागले होते, म्हणून आम्हाला एक यंत्रवाला बिगुल दिला होता. आत बटण. ते दाबायचं, बिगुल ओठाला लावायचा, गाल थोडे फुगवायचे आणि दुःखी दिसायचं. धून आपोआप वाजायची. मग एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाई डोळे पुसत यायच्या आणि म्हणायच्या, "बाळा, काय सुंदर वाजवलंस." मी म्हणायचो, "थँक यू, मॅम." दुसरं काय म्हणणार?

आमची बहुतेक गिऱ्हाइकं दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे. त्यांच्या दफनाला घरचे उठून आठवणी सांगायचे, आणि अमेरिकेचा इतिहास मी असा कबरीच्या कडेला उभा राहून शिकलो. सुरुवात बहुतेक तीच. १९३० नंतरच्या मंदीत बापाची नोकरी गेली, बँक बुडाली, फुकटच्या सूपसाठी रांगेत उभे राहिलो. मग नवं सरकार आलं आणि त्याने बेकार पोरांसाठी जंगलात कॅम्प उघडले. झाडं लावा, रस्ते करा, पगार आईला घरी पाठवा. मग युद्ध. मग कारखाना, घर आणि चार मुलं. हॅरिसला आणि मला हे पाठ झालं होतं. एकदा गाडीत मी म्हटलं, "सार्जंट, त्या सरकारने फार सुधारणा केल्या हो." ती म्हणाली, "माझी आजी सांगायची, मंदी संपली हे आमच्या गल्लीत कुणी कळवलंच नाही."

२००५ च्या एप्रिलमध्ये आई नागपूरहून आली. मुलगा तिशी ओलांडून गेला तरी लग्नाचं नाव काढत नाही, हे तिचं मुख्य मिशन. पण आल्या आल्या तिला माझ्या ड्यूटीचा शोध लागला आणि ती कपाळाला हात लावून बसली.

"स्थळं येतील कशी रे? लोक विचारतात, मुलगा मिलिटरीत काय करतो? काय सांगू? लढाईला जात नाही, मयताला जातो?"

"आई, मानाची ड्यूटी आहे ती."

"असेल बाप्पा मानाची. पण मयताहून येतोस आणि तसाच सोफ्यावर बसतोस?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून नियम लागू. मयताहून आलं की घरात पाऊल टाकायच्या आधी आंघोळ. बाथरूम घरात, म्हणजे तिथे जाण्याआधीच घर बाटतं. म्हणून आंघोळ मागच्या अंगणात, झाडांना पाणी घालायच्या पाइपने. मिशिगनचा एप्रिल म्हणजे पाइपातून बर्फच यायचा. मी चड्डीवर उभा, दात कडकड वाजतायत, आणि आई लांबूनच पाणी मारतेय, "डोक्यावरून घे, डोक्यावरून!" शेजारी युनिव्हर्सिटीतले एक प्रोफेसर राहायचे. त्यांनी कुंपणावरून फार सभ्यपणे विचारलं, की हा धार्मिक विधी आहे का आणि त्यांनी पाहिलं तर चालेल का. एका दिवशी तीन दफनं होती. तीन आंघोळी झाल्या. आठवडाभर नाक गळत होतं.

युनिफॉर्म मात्र मी तिच्या हाती लागू दिला नव्हता. हिरवा लोकरी कोट, पितळी बटणं, फक्त ड्रायक्लीन. तो मी गाडीच्या डिकीत ठेवायचो आणि ऑफिसात बदलायचो. मेमधल्या एका रविवारी दफनात पाऊस लागला, कोट ओलसर झाला, म्हणून मी तो पँटसकट वाळायला गॅरेजमध्ये टांगला आणि दुकानात गेलो.

परत आलो तर ड्रायर फिरत होता. आत पितळी बटणं खणखण वाजत होती. मला आवाजावरूनच कळलं.

"आई, काय लावलंस?"

"तुझा तो मयताचा कोट. गॅरेजात लटकत होता. इतके दिवस धुतलाच नव्हता ना रे? चांगला गरम पाण्यात घातला."

मी ड्रायर उघडला. कोट बाहेर काढला. तो आता सातवीतल्या मुलाचा वाटत होता. पँटही तशीच. आईने चष्मा लावला, कॉलरमागची चिठ्ठी वाचली आणि खाली बसली. तिने एवढंच म्हटलं, "काहून नाही सांगितलं तू मला?" तिचा चेहरा इतका पडला, की मला ओरडताही आलं नाही. राग मात्र असा आला होता, की मी अंगणात जाऊन पाइपालाच दोन लाथा घातल्या.

कारण सकाळी दहाला दफन होतं. वॉल्टर नावाचे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ वारले होते. त्यांच्या बायकोने, रूथबाईंनी, हॅरिसला स्वतः फोन करून एकच गोष्ट मागितली होती. काही वर्षांपूर्वी, दोन सैनिकांचा नियम येण्याआधी, वॉल्टरचा मोठा भाऊ गेला, तोही युद्धात होता, पण त्याच्या दफनाला एकही सैनिक आला नाही. पेटी नुसती खाली सोडली. वॉल्टर तेव्हापासून म्हणायचा, माझ्याही वेळी कुणी येणार नाही बघ. "तुम्ही याल ना?" बाईंनी हॅरिसला तीनदा विचारलं होतं, आणि हॅरिसने शब्द दिला होता. डिटेलला दोनच माणसं होती, ती आणि मी. झेंड्याची घडी एकट्याने होत नाही. रविवारी संध्याकाळी दुसरा युनिफॉर्म मिळणार कुठून? तुकडीतल्या पोरांचे कोट त्यांच्या घरी कुलपात, आणि पोरं इराकमध्ये.

मी फोन लावला.

"सार्जंट, प्रॉब्लेम. कोट आटला."

"से अगेन?"

"कोट आटला. आईने धुतला."

"किती?"

"मनगट दिसतं, सार्जंट. त्याच्या वरचंही बरंच दिसतं."

"बटणं लागतात?"

"श्वास सोडला तर."

"मग श्वास सोडून ये. आउट."

आईने सुईदोरा काढला. पँटची तळाशी दुमडलेली पट्टी उसवून तिने ती जेमतेम घोट्यापर्यंत आणली. बाह्यांना मात्र आत कापडच नव्हतं. "एवढा श्रीमंत देश," ती पुटपुटली, "आणि शिवणीत बोटभर कापड ठेवत नाहीत." सकाळी ती माझ्या आधी तयार होऊन गाडीत बसली होती. नऊवारी नाही, साधी साडी, त्यावर माझं जाकीट आणि पायात स्पोर्ट्स शूज. म्हणाली, "त्या बाईची माफी मागून येते. माझ्यामुळे तिच्या नवऱ्याच्या मयताला तमाशा नको."

हॅरिसने मला पार्किंग लॉटमध्ये पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या जबड्याची एक शीर उडत होती.

"कुणी हसलं, तर तू नाही हसायचं," ती म्हणाली.

"यस, सार्जंट."

"मीही नाही."

मी बिगुल उचलला. बाही कोपरापर्यंत सरकली. मागच्या रांगेत कुणाला तरी अचानक खोकला आला. झेंड्याची घडी करताना काखेत टर्र असा आवाज झाला. हॅरिसच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं हे मी शपथेवर सांगतो. शेवटी मी रूथबाईंसमोर गुडघा टेकला, झेंडा पुढे केला आणि राष्ट्राच्या वतीने आभाराचं वाक्य म्हटलं. त्यांची नजर माझ्या उघड्या मनगटांवर होती. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं. बाईला रडवलं आपण.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी काही बोलण्याआधी आई पुढे झाली, रूथबाईंसमोर हात जोडून उभी राहिली आणि मराठीत सुरू झाली. मी इंग्लिश करत होतो. चूक माझ्या मुलाची नाही, मी कोट गरम पाण्यात टाकला, आमच्यात मयताहून आलं की कपडे धुतात.

रूथबाईंनी माझी बाही चिमटीत धरली आणि परत हसायला लागल्या. रडत नव्हत्याच त्या मघाशी.

"वॉल्टरला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या बाह्या अशाच होत्या," त्या म्हणाल्या.

मंदीतली गोष्ट. वॉल्टर अठराचा, बापाला काम नाही. तो उत्तरेकडच्या जंगलात सरकारी कॅम्पवर गेला. त्याच्याच गल्लीतला दोस्त एडी मारेक बरोबर होता. सरकारने पोरांना आधीच्या महायुद्धात उरलेले फौजी कोट वाटले. वॉल्टर उंच, त्याला आला आखूड. एडी बुटका, त्याला आला असा लांब, की हात सापडेनात. शनिवारी गावात नाच असायचा. दोघेही त्या अवतारात आले.

आईला गोष्ट समजली, आणि तिने जो प्रश्न विचारला तो मला सुचला नसता. "मग अदलाबदल का नाही केली?"

"दोघांनाही माझ्याबरोबर नाचायचं होतं," रूथबाई म्हणाल्या. "अदलाबदल केली, तर दुसराही चांगला दिसला असता ना."

आई इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. हॅरिस हसली. तिला मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हसू ओसरल्यावर आईने विचारलं, "आधी कोणाबरोबर नाचलात?"

"एडीबरोबर."

मी ते मराठीत केलं नाही. गरज पडली नाही.

पुढे युद्ध लागलं. दोघे गेले. एडीचं जहाज बुडालं, तो सापडला नाही. त्याच्या आईला तार आली, आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. "वॉल्टर म्हणायचा, एडी परत आला असता तर तू माझी झाली नसतीस," रूथबाई म्हणाल्या. "मी म्हणायची, वेडा आहेस. आयुष्यभर म्हणत आले. चांगला नवरा होता, सुखात ठेवलं मला." त्यांनी मांडीवरच्या झेंड्यावर हात ठेवला. "पण त्याचं बरोबर होतं."

आईने त्यांचा दुसरा हात हातात घेतला. मयताच्या घरचं पाणीही न पिणारी माझी आई तशीच बसून राहिली.

मग रूथबाईंनी हॅरिसला विचारलं, एडीला कबर नाही, मागे कुणी नाही, त्याच्यासाठी काही करता येतं का.

"मॅम, बिगुल आणि झेंडा नियमात बसत नाहीत," हॅरिस म्हणाली. ती उठली आणि टोपी घातली. "सॅल्यूटला कुणाची परवानगी लागत नाही. टॉम, बाहेर."

आम्ही चर्चच्या अंगणात उभे राहिलो. समोर कबर नव्हती. गवत होतं आणि पलीकडे पार्किंग. रूथबाई आईच्या हाताला धरून पायरीवर उभ्या होत्या. हॅरिसने पूर्ण नाव विचारलं. बाई सरळ उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "एडवर्ड जोसेफ मारेक."

आम्ही सॅल्यूट केला. रूथबाई पुरे म्हणेपर्यंत हात खाली घेतला नाही.