सुईच्या कोंबड्या
नामांतराच्या त्या वर्षांत मी पूर्णेहून परभणीला नोकरीला जायची. दर शनिवारी चुडाव्याची एक बाई रेल्वेच्या डब्यात आधीच बसलेली असे, मांडीवर अंड्यांची टोपली धरून. पिंगळी गेलं की ती एकेक अंडं खिडकीच्या उजेडात धरून तपासायची. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या तिला लागू पडेनाशा झाल्या होत्या, म्हणून ती रोज इन्सुलिन टोचून घेई. अंडी विकून औषधाची बाटली घ्यायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी न्यायची.

एका शनिवारी तिच्या शेजारी बसलेली म्हातारी तिला म्हणाली, "कवर टोचत बसणार, माय?"

"जिती हाय तवर."

"लय महागाचं दुखणं गं. कडुलिंबाचा रस पी."

"पेले. चक्कर येऊन चुलीपाशी पडले." तिने अंडं टोपलीत ठेवलं. "परवा नणंदेचा नवरा आला. सासू म्हणली, एक कोंबडी काप. म्या म्हणलं, बाराच्या बारा माझ्या सुईच्या हायत. पाव्हण्याला पिठलं वाढलं."

"अगं बाई! सासू गप बसली?"

"कशाची! म्हणली, बाईमाणसाच्या जिवाला एवढा खर्च लागतो व्हय? म्या म्हणलं, लागतो. उद्या बी लागंल."

माझ्या चष्म्याची काच सहा महिन्यांपासून तडकलेली होती. घरातलं दुसरंच काहीतरी दर महिन्याला आधी निघायचं. त्या दिवशी मी कचेरीच्या आधी चष्मेवाल्याकडे गेले. घरी कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं.