मशीनच्या लिंकवर मालकांचा नाच

"मॅडम, मशीन सोडून सगळं नाचतंय की यात," गव्हाणेसाहेब फोनवर म्हणाले.

पुनावळ्यात घरी बसून मी तोच व्हिडिओ बघत होते. डोक्याला फेटा, पायात सेफ्टी शूज, गळ्यात झेंडूची माळ, आणि मध्यभागी स्वतः मालक, म्हणजे हेच गव्हाणेसाहेब, नाचत होते. चाकण पट्ट्यातल्या झाडून सगळ्या परचेस मॅनेजरना ही लिंक आम्हीच पाठवली होती.

मी लहान कारखान्यांसाठी मार्केटिंगचे ईमेल लिहिते. गव्हाणेसाहेबांनी नवीन व्हीएमसी घेतलं होतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लोखंड कोरणारं मशीन. तेवढ्यात जुन्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं. दिवाळीपर्यंत नवीन काम मिळालं नाही, तर दुसरी शिफ्ट बंद होणार होती. ती शिफ्ट फोरमन सलीमभाईंची. म्हणून हा ईमेल. त्यात ठळक अक्षरांत 'आमचं मशीन चालताना बघा' आणि खाली फेसबुकची लिंक.

लिंक थेट मशीनच्या व्हिडिओची द्यावी, असं माझं म्हणणं होतं.

"न्हाई, पेजचीच द्या," साहेब म्हणाले होते. "आलेला माणूस सगळं बघंल, फॉलो करंल."

पेज उघडलं की वर ताजी पोस्ट दिसते. तेव्हा ती मशीनचीच होती. मी मान डोलावली आणि ईमेल चार दिवसांनी सुटेल असा लावून ठेवला.

तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. त्या दिवशी यंत्रांची पूजा, मशीन चालवायचं नाही. सलीमभाईंनी हौसेने पूजेनंतरचा नाच पेजवर टाकला आणि पाठोपाठ ईमेल सुटला. पट्ट्यात सगळीकडेच मशीन बंद, हातात पेढा, लोक मोबाइलवर. किती जणांनी लिंक दाबली, तो आकडा माझ्या स्क्रीनवर फुगतच होता. एवढे क्लिक मी जन्मात पाहिले नव्हते. रडायचं सोडून मी पोट धरून हसत होते.

मग एका मोठ्या कंपनीच्या परचेस मॅनेजरचा फोन आला. साहेबांनी घाबरून मलाही कॉन्फरन्सवर घेतलं.

"चालताना बघा म्हणता, गव्हाणे. मशीन चालतंय कुठं?"

"साहेब, खंडेनवमीला चालवतंय व्हय कुणी?"

मॅनेजर हसले. "आमचंही बंदच आहे. पण नाचणाऱ्यांच्या मागची फरशी बघितली. तेलाचा डाग नाही."

इथे माणसाने गप्प बसावं की नाही? साहेब म्हणाले, "खोटं कशाला बोलू, आज समदेच पुसत्यात."

मी कपाळावर हात मारला.

"हेही खरंय," मॅनेजर म्हणाले. "मग दसरा झाल्यावर येतो. कधी, ते सांगणार नाही."

आले ते दुसऱ्या शिफ्टला. साहेब घरी गेले होते. सलीमभाई चालू मशीनवर होते आणि फरशी व्हिडिओतल्यासारखीच होती. आधी ट्रायलचं काम मिळालं, मग नेहमीचं. "मॅडम, शिफ्ट राहिली," असा सलीमभाईंचा फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. आनंद झाला होता, तो कुठेतरी जायलाच हवा.

तेव्हापासून मी ईमेलमध्ये जे दाखवीन म्हणते, त्याच पोस्टची लिंक देते आणि पाठवण्याआधी स्वतः दाबून बघते. गव्हाणेसाहेबांना हे पटलेलं नाही. दर ईमेलच्या वेळी ते विचारतात, "मॅडम, नाचाची लिंक टाकली ना?"