आतोबांच्या हौदातली पंगत

आमच्या आतोबांच्या तावडीतून दोन पोळ्यांवर सुटलेला माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात शोधून सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन थाटीपुरात राहतात, आणि राहतात म्हणजे दारावरून जाणाऱ्याला आत ओढून जेवायला वाढतात. त्यांचे पणजोबा म्हणे दरबारच्या मुदपाकखान्यात वाढप्यांवर देखरेख करायचे. दरबार गेला, मुदपाकखाना गेला, वाढपी गेले. आग्रह तेवढा आतोबांच्या रक्तात उरला. ताटावर हात आडवा धरला तर हा गृहस्थ बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडतो. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा पाटावर बसवलं आणि "माझी शपथ, एवढी एकच," असं म्हणत म्हणत पाच पुरणपोळ्या वाढल्या. तेव्हापासून तो बिचारा फाटकाबाहेर उभा राहून मोबाइलचा कॅमेरा झूम करून रीडिंग घेतो. माझी मुलगी तर त्यांच्याकडे जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून जेवण सोडते. "बाबा, मी येते, पण तू माझ्या बाजूला बस हं, वो फिर से खिलाएँगे!"

आता अशा माणसाच्या हाती कुणी नाजूक झाड द्यावं का? पण दिलं, आणि तेही आत्यानेच. दर भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी बाड्यावरच्या बाजारातून कोमेजलेली कमळं आणायचा तिला वीट आला होता. "एकदा तरी घरचं फूल वाहीन म्हणते," एवढंच ती बोलली, आणि आतोबांनी महिन्याभरात अंगणात हौद बांधून त्यात कमळासारख्या पाण्यातल्या लिलीच्या तीन कुंड्या बुडवल्या. जोडीला ब्राह्मी आणि शिंगाड्याची वेल. तिन्ही लिलींशी त्यांनी लगोलग नातीही जोडली. पांढरी ती मेहुणीबाई, पिवळी ती सूनबाई आणि गुलाबी ती विहीणबाई. नर्सरीवाल्याने जाताना बजावलं होतं, "बाबूजी, महीने में एक गमले में एक गोली. मिट्टी में अंदर दबाना, बस." खताच्या त्या इवल्याशा गोळीकडे बघून आतोबांना झाडांच्या वतीने अपमान झाल्यासारखं वाटलं. "एक? अरे, एक तर मुंजीतल्या बटूलासुद्धा कुणी वाढत नाही!"

मग काय, आतोबांनी घरीच गोळ्या वळायला घेतल्या. चिकणमाती, जुनं शेणखत आणि निंबोळी पेंड परातीत मळून चांगले बुंदीच्या लाडवांएवढे गोळे! लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या बेसनाला कधी हात लावला नाही या माणसाने, असं आत्या धुसफुसत होती. व्हरांड्यात परात वाळत असताना एक दूरचे पाहुणे जेवून, पोटावर हात ठेवून, कसेबसे बाहेर आले. समोर शंभरेक गोळे बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "लाडूसुद्धा आहेत?" एवढं म्हणून ते जे निघाले ते चपला विसरून. त्या चपला अजून तिथेच आहेत, न्यायला यायची त्यांची हिंमत होत नाही.

रोज सकाळी धोतर गुडघ्यावर खोचून आतोबा हौदात उतरायचे, कोपरापर्यंत हात बुडवून कुंडीतल्या मातीत अंगठ्याने गोळा दाबायचे आणि पुटपुटायचे, "घ्या मेहुणीबाई, लाजू नका. सूनबाई, तू काही खातच नाहीस. विहीणबाई, माझी शपथ, एवढा एकच." विहीणबाईंना अर्थातच चार. नाही तर त्या रुसणार! शिंगाड्याला आणि ब्राह्मीला पंगतीत डावलणं बरं दिसत नाही म्हणून एकेक गोळा पाण्यात नुसताच सोडायचे. पानं सुपाएवढी झाली, ब्राह्मी हौदातून उतरून फाटकाकडे निघाली आणि पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. फूल मात्र एकही नाही. "हिरवं आहे म्हणजे प्रकृती सुधारतेय," असं आतोबांचं म्हणणं. दोन भाद्रपद असेच गेले आणि दोन्ही वेळा आत्या मुकाट्याने बाड्यावर जाऊन फुलं घेऊन आली.

यंदा मात्र तिने सांगूनच टाकलं. "ह्या महालक्ष्म्यांना घरचं फूल नाही मिळालं तर हौद बुजवून मी तिथे अळू लावणार. आता हद्द झाली." आतोबांचा चेहरा एवढासा झाला. नर्सरीवाल्याला बोलावणं गेलं. त्याने हौदात डोकावून कपाळाला हात लावला. "बाबूजी, ये लिली है, बराती नहीं! इतना खिलाओगे तो पत्ते ही पत्ते आएँगे, फूल काहे को आएगा?" त्याने वरवर दिसणारे गोळे उपसले, अर्धं पाणी बदललं आणि पुन्हा तेच सांगितलं, महिन्याला एक. आत्याने परातीसकट सगळे गोळे कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली पदराला बांधली.

पुढचे दोन महिने आतोबांनी कसे काढले ते मी बघितलंय. स्वतःच्या पहिल्या घासाला ते हौदाकडे बघून थबकायचे. "मी इथे वरणभात खातोय आणि त्या तिथे उपाशी," म्हणायचे. एकदा खिशातून अर्धी पोळी नेताना आत्याने त्यांना हौदाच्या काठावर पकडलं. मला हसू आवरेना, पण त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी विहीणबाई फुलल्या! चांगलं वाटीएवढं गुलाबी फूल, स्वच्छ पाण्यावर. आत्या धावत आली, फूल बघून तिने चक्क टाळ्या वाजवल्या आणि हलक्या हाताने देठ खुडून महालक्ष्म्यांपुढे नेऊन ठेवलं. हौद वाचला, म्हणून मी आतोबांच्या पाठीवर थाप मारली. ते काठावर बसूनच राहिले. "अरे," ते हळूच म्हणाले, "मी वाढायचं थांबवलं तेव्हा फुलली रे ती. मग आजवर ज्यांना ज्यांना मी बळेबळे वाढलं…" थट्टा करायचं सोडून मी त्यांच्या शेजारी काठावर टेकलो.

दुपारी पंगत बसली. आतोबा पुरणपोळ्यांचं ताट घेऊन माझ्यापाशी आले. मी आयुष्यभराच्या सवयीने हात आडवा धरला, आणि आतोबा थांबले. फटीबिटी न शोधता थांबले. "पुरे?" त्यांनी विचारलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यापासून पळत होतो ते आता मिळणार नाही म्हटल्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. माझी मुलगीही खायची थांबून त्यांच्याकडे बघत होती.

मी हात काढून घेतला. "आतोबा, वाढा ना."

त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या एकदम महालक्ष्म्यांच्या फुलाकडे बघायला लागली. आतोबांचा चेहरा जरासा उजळला. "माझी शपथ, एवढी एकच," ते म्हणाले.

आणि खरोखरच एकच वाढली.