स्थळाची माती

लग्न या विषयाचा माझ्या रूम पार्टनरइतका खोल अभ्यास केलेली आणि लग्नापासून तितकीच लांब राहिलेली दुसरी मुलगी नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत सापडायची नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या, तिच्या नकारांत मात्र तेव्हाही खंड पडला नाही. आम्ही दोघी राहुरीत एका खताच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. मी पतसंस्थेत कामाला आहे, ती एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत. ती मूळची अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भाताच्या गावची. तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण खुरपं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असतातच. एकदा मॉलच्या दारात तपासणीवाल्या बाईनं ते खुरपं बाहेर काढून विचारलं, ‘हे कशाला?’ तर ही शांतपणे म्हणाली, ‘कुठं चांगली माती दिसली तर?’

राहुरीसारख्या गावात मुलामुलीनं भेटायचं कुठं, हा एक मोठाच प्रश्न आहे. मी एकदा मोबाईलवर ते ओळखी करून देणारं अ‍ॅप घेऊन पाहिलं होतं. आसपासचे मुलगे दाखव म्हटल्यावर त्यानं पहिलाच आमच्या शाखेतला कॅशियर दाखवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता अख्खा दिवस काढला, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनीही ते अ‍ॅप काढून टाकलं असावं. कॅफेत जावं तर मालकाचा भाऊ आपल्या भावाचा मित्र निघतो. पार्टनरनं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती मुलांना एसटी स्टँडवर भेटायची. तिचं म्हणणं, ‘तिथं दोघं शेजारी बसली तरी कुणाला काही वाटत नाही, आणि कंटाळा आला की गाडी लागते.’ संगमनेरचा एक इंजिनिअर भेटायला आला आणि त्यानं हिला न विचारताच ‘हिच्यासाठी कमी साखरेचा’ असा चहा सांगितला. ही ‘माझी गाडी लागली’ म्हणून उठली आणि खोटं बोलणं नको म्हणून समोर लागलेल्या गाडीत खरोखर जाऊन बसली. ती गाडी शनिशिंगणापूरची होती. एका उन्हाळ्यात अशा भेटी बऱ्याच झाल्या आणि तिला इतक्या वेळा शनिदर्शन घडलं, की तिच्या आईला वाटलं पोरीला साडेसाती लागली. आईनं तिकडे गावच्या मारुतीला तेल घालायला सुरुवात केली.

घरून येणाऱ्या स्थळांसाठी मात्र तिची तपासणी वेगळी होती. आमच्याकडे लग्न ठरण्याआधी मुलीकडची पुरुष माणसं मुलाचं घर बघायला जातात. विहीर बघतात, गोठा बघतात, पाइपलाइन कुठून आणली ते विचारतात आणि भरपेट जेवून ‘स्थळ चांगलंय’ म्हणत परत येतात. मुलीनं तो उंबरा लग्न लागल्यावरच बघायचा. पार्टनर म्हणायची, जेवून आलेल्या माणसाची साक्ष धरायची नाही. म्हणून बायोडेटा आला की येत्या रविवारी ती स्वतः त्या गावाला जायची, टपरीवर अमक्यांचं शेत कुठं म्हणून विचारायची आणि माती परीक्षणाच्या नावाखाली त्या रानात उतरायची. आपण कोण हे सांगायचं नाही आणि समोरच्याचं नाव विचारायचं नाही, हा नियम. नाव विचारलं की तोही आपलं विचारतो. एका मुलानं शेजाऱ्याचा बांध कोरला होता. ‘जो बांध कोरतो तो उद्या माझी अर्धी गादी कोरेल,’ म्हणून तो गेला. दुसऱ्याची जमीन पाण्यानं पार खारवलेली होती. ‘मोटर चालू करून झोपतो गं हा,’ म्हणून तोही गेला. मी म्हटलं, अगं, मुलाचा फोटो तरी नीट बघ. ती म्हणाली, ‘फोटोपुरती दाढी सगळेच करतात. फोटोपुरतं बांधावरचं गवत कुणी काढतं का?’ पण ती बेइमान नव्हती. आणलेली माती ती खरंच तपासायची आणि त्या घरी फोन करून रीतसर सांगायची. त्यामुळे या भागात अशी काही घरं आहेत, जिथं मुलाला नकार आणि रानात जिप्सम टाकायचा सल्ला एकाच आठवड्यात पोचला, आणि दोन्ही एकाच बाईकडून आले हे तिथं अजून कुणाला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मामानं कालव्याच्या बाजूचं एक स्थळ आणलं. मुलाला पुण्यात नोकरी, गावी बागायत. फोटो कुणाच्या तरी वरातीतला, डोक्याला फेटा, डोळ्यांना गॉगल. त्यात हनुवटीशिवाय काही दिसत नव्हतं. रविवारी ही खुरपं घेऊन गेली आणि संध्याकाळी परत आली ती पायाचा चिखलही न धुता कॉटवर बसून राहिली. मी विचारलं, काय खोट निघाली? ती म्हणाली, ‘काही नाही.’ तो मुलगा उसाला पाणी देत होता. हिनं वरच्या अंगाची चांगली काळी माती पिशवीत भरायला घेतली, तर तो फावडं टाकून आला आणि म्हणाला, ‘मॅडम, हितली कशाला नेता? हितली चांगलीच हाय. तिकडं खालच्या टोकाला चला, तिकडं लई खराब हाय.’ आणि तो स्वतः तिला त्या पांढऱ्या पडलेल्या तुकड्यापर्यंत घेऊन गेला. पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीच्या दिवशी गावी येऊन पाणी भरतो, आणि आपल्या रानातली वाईट जागा आपणहून दाखवतो, हे ती मला रात्रीच्या भाकरी होईपर्यंत सांगत होती. मग तिनं आईला फोन करून बघण्याचा कार्यक्रम ठरवायला सांगितला. 

कार्यक्रमाला मीही अकोले तालुक्यातल्या तिच्या गावी गेले. पाहुणे जीप भरून आले. मधल्या खुर्चीवर नवरा मुलगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहऱ्यानं भला वाटणारा. पार्टनर पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याला ओलांडून सरळ पुढे गेली ती दाराशी, चपलांच्या जवळ बसलेल्या एका उन्हानं रापलेल्या माणसासमोर जाऊन थांबली. तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘आदी त्यास्नी द्या, मॅडम.’ तेव्हा तिला कळलं, आणि तिच्या पाठीकडे बघून मला. शेत त्या पांढऱ्या शर्टाच्या नावावर होतं, कसत होता तो हा, त्याचा चुलतभाऊ. अशी पद्धत आमच्याकडे घरोघरी आहे. गावागावातली माती तपासणाऱ्या मुलीला ती आठवली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पोहे झाले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, ‘मुलीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या.’ ती म्हणाली, ‘ऊस कोण बघतं?’ नवरा मुलगा मोकळेपणानं म्हणाला, ‘ते आमचा दादा बघतो. मला त्यातलं काही कळत नाही.’ त्यानं दाराकडे हात केला. ती म्हणाली, ‘त्यांचं लग्न झालंय का?’ वडील हसले. ‘त्याचं कुठलं? शेती करतो त्यो. शेतीवाल्याला आता कोन पोरगी देतं?’ सगळे हसले, तो दाराशी बसलेलाही हसला. ही अजिबात हसली नाही. त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘शेतीवाला मला चालेल.’

 नवऱ्या मुलानं बिचाऱ्यानं बशी खाली ठेवली. मामा उठून उगीचच पंख्याचं बटण दाबून आले, आणि लाईट नव्हती. पाहुणे चहा न घेता निघाले. तो सगळ्यांच्या शेवटी जीपमध्ये चढला, आणि त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

चार दिवस ती त्याच्या फोनची वाट बघत होती. मातीबद्दल कळवण्यासाठी त्यानं नंबर दिलेला होता, म्हणून शेवटी तिनंच केला, आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.  तो म्हणाला, ‘मॅडम, आईबाप गेल्यावर चुलत्यानं वाढवलं मला. ज्या ताटात जेवलो त्या घरच्या पोराचं स्थळ मोडून मी बोहल्यावर उभा ऱ्हाऊ का? तुमी लई चांगल्या हाय. मला असं आजवर कुनी म्हनलं नव्हतं. पन न्हाई जमायचं.’ तिला वाद घालता आला असता. वाद घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण ती ‘बरं’ म्हणाली, आणि मग, ‘त्या खालच्या टोकाला पाणी जरा कमी देत जा.’ तो ‘व्हय’ म्हणाला. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, ‘बघ, नकारसुद्धा किती सरळ दिला.’ आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी नाकारलं होतं, आणि त्या कारणामुळे तो तिला आणखीनच आवडला होता. 

याला आता वर्ष होईल. रविवारी ती घरीच असते. कपडे धुते, डोक्याला तेल लावते, दुपारी झोपते. आईकडून बायोडेटा येतात तसे येतच आहेत. तिनं अजून कुणाला नकार दिलेला नाही. ‘बघू’ म्हणते, ‘तुम्हाला आवडला तर मला चालेल’ म्हणते. आईला वाटतं मारुती पावला. परवा तिच्या आईनं एका मुलाचा बायोडेटा माझ्या मोबाईलवर पाठवला, त्यात इतक्या गोष्टी हसण्यासारख्या होत्या की मी ऑफिसातून घरी येईपर्यंत हसू कसंबसं दाबून ठेवलं. फोटोत तो पोहण्याच्या तलावाच्या काठावर कोट घालून उभा होता. आवडींमध्ये ‘हवापालट’ लिहिलं होतं. मी मोबाईल तिच्यापुढे धरला आणि आता ही काय बोलते म्हणून हसायची तयारी करून बसले.

तिनं फोटो नीट बघितला. ‘बरा आहे की,’ म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली. मला फार वाईट वाटलं.